लाखांची फौज आणि आगगाडीचं वेळापत्रक

१८१२ साली नेपोलियन सुमारे सहा लाखांची फौज घेऊन रशियावर चालून गेला. मोठी लढाई होण्याआधीच त्यातले हजारो शिपाई भुकेने आणि टायफसने गेले. माणसं गोळा करणं तेव्हाही जमत होतं. फ्रान्सने १७९३ मध्येच सक्तीची भरती करून दाखवली होती. खरी अडचण एवढ्यांना हलवायचं आणि पोसायचं कसं, ही होती. पायी जाणारी फौज वाटेतल्या गावांवर जगायची.

हे गणित प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याने बदललं. तिथला तरुण तीन वर्षं पलटणीत काढून घरी जायचा, शेतात नाहीतर कारखान्यात राबायचा, पण पुढची चार वर्षं त्याचं नाव राखीव यादीत असायचं. शांततेत त्याला सरकारने ना पगार द्यायचा, ना जेवण. मात्र हाक मारल्यावर तो झटपट सरहद्दीवर पोहोचला, तरच या स्वस्ताईला अर्थ. ते काम आगगाडीने केलं. सेनाप्रमुख मोल्टकेच्या मुख्यालयात रेल्वेसाठी वेगळा विभागच होता. कोणती पलटण कुठून, कोणत्या गाडीने निघणार, हे सगळं आधीच ठरलेलं.

१८७० च्या जुलैत फ्रान्सशी युद्ध जुंपलं आणि १८ दिवसांत साडेचार लाखांहून जास्त जर्मन सैनिक सरहद्दीवर उतरले. रूळ फ्रान्सकडेही होते. नियोजनाच्या नावाने मात्र बोंब. उत्तर फ्रान्समध्ये राहणाऱ्या झुआव्ह पलटणीच्या (अल्जेरियात उभारलेलं फ्रेंच पायदळ) राखीव शिपायाने आधी समुद्र ओलांडून अल्जेरियातल्या ओरानला हजर व्हायचं, आणि मग लढायला परत उत्तरेकडे यायचं! एका सेनापतीने तर बेल्फोर्टहून तार केली: पोहोचलोय, पण माझी ब्रिगेड सापडत नाही, काय करू?

गाड्या जुळवायच्या तर घड्याळंही जुळायला हवीत. जर्मनीत ठिकठिकाणी वेगळी वेळ चालायची. देशभर एकच वेळ हवी, असं भाषण म्हाताऱ्या मोल्टकेने १८९१ मध्ये संसदेत केलं. १८९३ मध्ये ती लागू झाली.

रूळ संपले की मात्र सगळी भिस्त घोड्यांवर. १९१४ मध्ये, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममार्गे फ्रान्समध्ये घुसलेल्या जर्मन सेनापती क्लुकच्या एकट्या सैन्यात ८४,००० घोडे होते. त्यांना रोज जवळपास नऊ लाख किलो चारा लागायचा. तो गाडीने आणला, तरी स्टेशनापासून पुढे न्यायला परत घोडेच हवेत. मग शेतातलं हिरवं पीक कापून त्यांच्यापुढे टाकलं गेलं, आणि ते खाऊन घोडे आजारी पडू लागले.