तीस किलोच्या रव्यापासून एका घासाच्या वडीपर्यंत

कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात, आणि बराच काळ रवा म्हटला की तीस किलोचा, हेच गणित होतं. हा आकार खाणाऱ्याच्या सोयीने ठरलेला नाही. 1891 मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली, 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि इथला गूळ लांबच्या गिऱ्हाइकाकडे, विशेषतः गुजरातेत, जाऊ लागला. मोठ्या रव्याचा उघडा भाग वजनाच्या मानाने कमी असतो. त्यामुळे दमट हवेत तो कमी पाझरतो, आणि वरून बारदान गुंडाळलं की हमालीलाही टिकतो. थोडक्यात, पॅकिंग प्रवासासाठी होतं.

गिऱ्हाइकाला भुलवण्याचं काम गुऱ्हाळावरच व्हायचं. हंगामात पन्हाळा, करवीर, कागल भागात कुणीही गुऱ्हाळावर गेलं तर रसाचा तांब्या पुढे येणार, पोरांच्या हातात उसाचं कांडं आणि त्याच्या टोकाला वाफाळता गूळ. घरी न्यायला काकवी. आज ज्याला ‘अनुभव’ म्हणून तिकीट लावतात ते इथे पाहुणचार म्हणून चालत आलं आहे. शिवाय त्यात एक खात्री असते: रस कोणता, काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत, काय पडतं, मळी (उकळताना वर येणारा मळ) कशी निघते, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं.

बाजारात मात्र हे दिसत नाही, तिथे दिसतो फक्त रंग. म्हणून गूळ आकर्षक करण्याचा पहिला मोठा प्रयत्न रंगावर झाला, आणि तो चुकीच्या वाटेने गेला. पिवळाधमक गूळ भाव खातो म्हणून रसात हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, पडू लागलं. हा पिवळेपणा टिकत नाही. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो, मागे गंधकाचा अंश राहतो. कायद्याने सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 70 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत सत्तर भाग, आहे. भेंडीच्या चिकाने मळी नीट काढलेला सोनेरी-तपकिरी गूळ त्यापुढे फिका पडायचं काहीच कारण नव्हतं. त्याला फक्त त्याची ओळख सांगणारं वेष्टन नव्हतं. 2014 मध्ये ‘कोल्हापूर गूळ’ला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा निदान नावाला आधार आला.

वेष्टनातली गंमत ही कल्पना दुसरीकडे जुनीच आहे. अमेरिकेत क्रॅकर जॅक या पॉपकॉर्न-शेंगदाण्याच्या खाऊच्या पाकिटात 1912 पासून छोटी बक्षिसं येऊ लागली. इटलीत 1974 मध्ये किंडरने चॉकलेटच्या अंड्यात खेळणं घातलं. त्याच घराण्यातलं किंडर जॉय आज आपल्या बारामतीत बनतं, आणि त्यात खेळणं एका अर्ध्यात, खाऊ दुसऱ्यात. गुळाला खेळण्याची गरज नाही. त्याला आकार पुरतो, कारण तो गरम असताना साचा सांगेल तसा बसतो.

पण हा आकार काहिलीवर ठरतो, छापखान्यात नव्हे. काकवी 105-106 अंश सेल्सिअसला उतरवतात, घट्ट गूळ साधारण 118 ला, पावडर 120-122 ला. गुळव्या थेंब थंड पाण्यात टाकून गोळी वळून बघतो. पण दहा-बारा ग्रॅमच्या वडीसाठी थर्मामीटर हवाच. तीस किलोच्या रव्यात दोन अंशांची चूक लपते, वडीत ती बोटाला चिकटते. लवकर उतरवलं तर वडी मऊ राहते आणि पावसाळ्यात पाझरते. जास्त तापलं तर करपट लागते. ऊस तोडून दिवसापेक्षा जास्त पडून राहिला असेल तर साखरेचं विघटन होतं. मग कितीही आटवा, वडी नीट बसत नाही. वेलदोडा आणि सुंठ वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, गूळ निवायला लागल्यावरच घालायची, नाहीतर वास वाफेबरोबर जातो.

सर्वांत जास्त माल बिघडतो तो गुंडाळण्याच्या घाईने. बाहेरून गार वाटणारी वडी आतून कोमट असते. ती तशीच बंद केली की आत घाम धरते, कागद चिकटतो, काही आठवड्यांत बुरशी येते. साधा रंगीत कागद शोभेला ठीक, पण आतला थर ओलावा अडवणारा हवा. पावडरीचा ओलावा तीन टक्क्यांच्या आत नसेल तर सुंदर बरणीत तिचा एकच दगड होतो.

पूर्वीच्या रव्यावर एक खूण असायची. बादलीत ओलं फडकं अंथरून गूळ ओतत, आणि निवाल्यावर कापडाची वीण रव्याच्या अंगावर उमटे. पाव किलोच्या छोट्या साच्यातही तसंच फडकं घातलं तर तीच वीण उमटते. ओतण्याआधी फडकं घट्ट पिळून घ्यायचं. पाणी राहिलं तर वीण पुसट होते आणि त्याच जागी गूळ आधी पाझरतो.