एनम आणि एक्सएमएल यांची जुळणी

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्राममधील एनमची, म्हणजे मोजक्या आणि आधीच ठरवून दिलेल्या किमतींच्या प्रकाराची, प्रत्येक किंमत एक्सएमएल दस्तऐवजात कोणत्या मजकुराने लिहायची आणि तो मजकूर वाचताना पुन्हा नेमकी तीच किंमत कशी मिळवायची, हे ठरवणारी पद्धत. एनममधील चूक कंपायलर पकडतो. एक्सएमएल मात्र टॅग लावून माहिती मांडणारा निव्वळ मजकूर असतो आणि तो बहुधा दुसऱ्याच कोणी, वेगळ्या भाषेतल्या प्रोग्रामने तयार केलेला असतो. म्हणूनच ही जुळणी काळजीपूर्वक करावी लागते.

एक्सएमएल १.० ची शिफारस १९९८ साली आली. तिच्यातील डीटीडीमध्ये, म्हणजे दस्तऐवजाची रचना ठरवणाऱ्या नियमांमध्ये, किमतींची यादी देण्याची सोय होती, पण ती फक्त टॅगच्या आत लिहिल्या जाणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटपुरती. एलिमेंटमधील, म्हणजे सुरुवातीच्या आणि शेवटच्या टॅगांमधल्या, मजकुरावर असे बंधन घालता येत नसे. ही उणीव दस्तऐवजाचे नियम लिहिण्याच्या २००१ मधील एक्सएमएल स्कीमा या पद्धतीने भरून काढली. जावामध्ये एनम २००४ साली, पाचव्या आवृत्तीत आला. तोपर्यंत प्रोग्रामर खासगी कन्स्ट्रक्टर असलेला क्लास लिहून त्याचे ठरावीक ऑब्जेक्ट हाताने घडवत असत. जावाचे ऑब्जेक्ट आणि एक्सएमएल यांत रूपांतर करणाऱ्या जॅक्सबीच्या २००६ मधील २.० या आवृत्तीने स्कीमातील यादी आणि जावाचा एनम यांची थेट सांगड घातली.

एखाद्या अर्जाच्या स्थितीचा एनम घेऊ. त्यात दाखल, प्रलंबित, मंजूर आणि नामंजूर अशा चार किमती आहेत. दस्तऐवजात त्यांचा क्रमांक लिहिणे सर्वांत सोपे वाटते, पण तेच सर्वांत घातक आहे. पुढे कोणी ‘दाखल’नंतर ‘छाननीत’ ही नवी किंमत घातली, की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि जुन्या दस्तऐवजातील मंजूर अर्ज काहीही कुरकूर न होता प्रलंबित ठरतो. क्रमांकाऐवजी एनममधील नाव लिहिणे बरे, आणि वेगळी सूचना नसेल तर जॅक्सबी तेच करते. मात्र मग कोडमधले नाव सुधारले की दस्तऐवजाचे स्वरूपही बदलते. शिवाय ‘अधिकाऱ्याकडे प्रलंबित’ असा मजकूर हवा असेल, तर मधल्या जागेमुळे त्याला जावात नाव म्हणून स्थान नाही. त्यामुळे प्रत्येक किमतीपुढे तिचा एक्सएमएलमधील मजकूर स्वतंत्रपणे नोंदवणे हीच भरवशाची पद्धत होय. त्यासाठी, कोडला जोडायची खूण म्हणून, जॅक्सबीत एक्सएमएलएनमव्हॅल्यू हे अ‍ॅनोटेशन, तर सी शार्पमध्ये एक्सएमएलएनम हे अ‍ॅट्रिब्यूट आहे. सी शार्पमध्ये फ्लॅग्ज म्हणून घोषित केलेल्या, म्हणजे एका वेळी अनेक किमती धरू शकणाऱ्या, एनमच्या एकत्रित किमती मध्ये जागा सोडून एकापुढे एक लिहिल्या जातात.

स्कीमातील यादीशी तुलना होते ती अक्षराकृतींची नव्हे, तर युनिकोड संकेतांची, आणि मराठी मजकुरात याचा थेट फटका बसतो. ‘अधिकाऱ्याकडे’ या शब्दातील ‘ऱ’ एकाच संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता असा दोन संकेतांनीही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, तरी तपासणीत एक ग्राह्य ठरतो आणि दुसरा नाकारला जातो. रिकाम्या जागेचेही तसेच आहे. यादीचा पाया स्ट्रिंग, म्हणजे रिकाम्या जागांसह जसाच्या तसा मजकूर, असेल, तर मंजूर या शब्दाआधी आलेली नवी ओळदेखील किंमत अवैध ठरवते. पाया टोकन असेल, तर कडेच्या जागा गाळून मगच तुलना होते. याद्यांसाठी टोकन हाच योग्य पाया आहे.

सर्वांत मोठी अडचण अनोळखी किमतीची असते. जॅक्सबी २ मध्ये स्कीमा किंवा त्रुटी हाताळणारा घटक जोडलेला नसेल, तर अशी किंमत वाचताना त्या जागी नल, म्हणजे ‘काहीच नाही’ ही किंमत, येते आणि वाचन निमूटपणे पुढे चालू राहते. सी शार्पमध्ये हेच रूपांतर करणारा एक्सएमएलसीरियलायझर अशा वेळी एक्सेप्शन, म्हणजे त्रुटीची सूचना, देऊन थांबतो. पण एलिमेंटच गाळलेले असेल, तर साध्या एनम-फील्डमध्ये कोणी वेगळी सुरुवातीची किंमत दिलेली नसल्यास शून्य क्रमांकाची किंमत राहते. म्हणून शून्याची जागा ‘दाखल’सारख्या खऱ्या किमतीला न देता ‘अनिर्दिष्ट’साठी राखून ठेवावी. पुढे वाढणाऱ्या यादीसाठी स्कीमात यादी आणि खुली स्ट्रिंग यांचा युनियन, म्हणजे दोहोंपैकी काहीही चालेल असा प्रकार, करता येतो. त्यामुळे नवी किंमत आलेला दस्तऐवज जुन्या स्कीमालाही चालतो, परंतु टंकलेखनातली चूकही त्याच वाटेने आत येते आणि ती पकडण्याचे काम प्रोग्रामवर येऊन पडते.