हरित संशोधन-पद्धती (बेळगाव सीमाभाग)

हरित संशोधन-पद्धती : संशोधनाला लागणारे पाणी, वीज, रसायने, प्लॅस्टिक आणि प्रवास यांचा हिशेब ठेवून, निष्कर्षांच्या खरेपणाला धक्का न लावता तो खर्च कमी करण्याची रीत. पर्यावरणावर संशोधन करणे वेगळे आणि संशोधन करताना पर्यावरण न ओरबाडणे वेगळे. पहिल्यासाठी विद्यापीठांत विभाग असतात. दुसरे बहुधा प्रयोगशाळा सहायकाच्या समजुतीवर सोडलेले असते.

या विचाराला रसायनशास्त्रात नेमके रूप मिळाले ते १९९८ मध्ये, पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांमुळे. कचरा निर्माण करून मग त्याची विल्हेवाट लावत बसण्यापेक्षा तो होऊच देऊ नये, हे त्यांतले पहिले तत्त्व. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून जगभरात वर्षाला सुमारे ५५ लाख टन प्लॅस्टिक कचरा निघत असावा, असा अंदाज एक्सेटर विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये मांडला, तेव्हा पिपेटच्या (द्रव मोजून घेण्याच्या नळीच्या) एकदाच वापरायच्या टोकांकडे आणि हातमोज्यांकडे लोकांचे लक्ष गेले.

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ (१९९८) आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०) आहे. वनौषधींवर काम करणारी राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्थाही इथलीच. खानापूर, निपाणीपासून सीमेपलीकडच्या चंदगडपर्यंतची मराठी मुले या शहरात विज्ञान शिकायला येतात.

इथल्या प्रयोगशाळांत सर्वाधिक वाया जाते ते पाणी. वनस्पतीचा अर्क काढण्याचे सॉक्सलेट उपकरण पदव्युत्तर प्रकल्पांत हमखास असते. त्याच्या कंडेन्सरमधून (वाफेचा पुन्हा द्रव करणाऱ्या भागातून) थंड पाणी सतत वाहते ठेवावे लागते. नळ मिनिटाला एक लिटर या हिशेबाने आठ तास चालू राहिला, तर एका अर्कापायी ४८० लिटर स्वच्छ पाणी मोरीत जाते. डिस्टिल्ड वॉटरचेही तसेच. एका लिटरमागे थंड करण्यासाठी त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. हे पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून किंवा हिडकल धरणातून येते, आणि एप्रिल-मेमध्ये राकसकोपची पातळी किती फूट उरली याकडे सारे शहर डोळे लावून असते. उपाय साधा आहे. बादलीत पाणी आणि बर्फ, त्यात एअर कूलरमधला लहानसा पंप, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचे. काही शे रुपयांत काम होते. अशा जुगाडाला शोधनिबंधात ओळभरही जागा मिळत नाही, म्हणून तो एका बॅचकडून दुसरीकडे तोंडीच जातो किंवा विसरला जातो. पावसाचा हिशेबही बोलका आहे : बेळगाव शहरात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, १,००० चौरस मीटरच्या गच्चीवर तो १३ लाख लिटर होतो. गळती, बाष्पीभवन वजा केले तरी दहा लाखांच्या आसपास हाती राहते, आणि थंड करायला तेवढ्या शुद्धतेचे पाणी पुष्कळ झाले.

विजेत मोठा खादाड म्हणजे नमुने गोठवून ठेवणारा उणे ८० अंशांचा शीतकपाट. तो उणे ७० वर ठेवल्यास वीज सुमारे तीस टक्क्यांनी वाचते. पुष्कळ नमुन्यांना त्याने काही होत नाही, मात्र कोणत्या नमुन्यांना चालते हे आधी तपासावे लागते. त्यात वर्षानुवर्षे पडून असलेल्या, नाव पुसलेल्या कुप्या बाहेर काढणे हाही बचतीचाच भाग. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या वेळी होणाऱ्या हरित लेखापरीक्षणात (पर्यावरणविषयक तपासणीत) आवारातली झाडे मात्र हौसेने मोजली जातात.

सह्याद्रीच्या पट्ट्यात प्रश्न नमुन्यांचाच होतो. नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांना लागणारे द्रव्य असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवले. त्यानंतर मागणी वाढली आणि चंदगड-आंबोलीकडच्या रानांत त्याची चोरटी तोड झाली. ज्ञान प्रयोगशाळेत जन्मले, कुऱ्हाड रानात पडली. हेच द्रव्य नरक्याच्या आत राहणारी एक बुरशीही तयार करते, असे २००५ मध्ये आढळले. झाड न तोडता ते मिळवण्याची वाट त्यातून दिसली, पण बुरशीतून मिळणारे द्रव्य अत्यल्प असल्याने कारखान्यापर्यंत पोहोचणे अवघड ठरले.

भीमगड अभयारण्यात (२०११) तळेवाडीजवळ बारापेडे गुंफा आहेत. तिथले रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट हे वटवाघूळ १९१३ मध्ये शास्त्राला ज्ञात झाले आणि पुढे दीर्घकाळ ते जगात इथेच असल्याचे मानले जाई. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडले. अशा वसाहतीत पिल्लांच्या हंगामात टॉर्च घेऊन शिरणे म्हणजे जिचा अभ्यास करायचा तिलाच उठवून लावणे. गुंफेच्या तोंडाशी तिन्हीसांजेला अतिध्वनी (माणसाला ऐकू न येणारे त्यांचे आवाज) टिपणारे यंत्र लावून बसले, तर वटवाघळांना हात न लावता पुष्कळ कळते. वर्गातही असाच बदल झाला : विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्रातील विच्छेदन २०११ पासून टप्प्याटप्प्याने कमी केले आणि २०१४ मध्ये थांबवायला सांगितले. बेडूक ट्रेमधून सुटले.

पुनरावृत्ती हा खर्च कोणत्याच हिशेबात येत नाही. वडगाव, शहापूर, येळ्ळूर हे बासमती भाताचे शिवार. बळ्ळारी नाला शहराचे सांडपाणी घेऊन त्यातून जातो आणि पावसाळ्यात पिकात शिरतो. अशा जागी माती-पाण्याचे नमुने घ्यायला विद्यार्थी येणारच. आधीची आकडेवारी हाती नसेल तर तीच चाचणी, तीच आम्ले, तोच प्रवास पुन्हा होतो. पीएचडीच्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी बंधनकारक झाले आणि ते शोधगंगा या भांडारात वाचता येतात; एम.एस्सी.चे प्रकल्प मात्र स्पायरल बाइंडिंग होऊन विभागाच्या कपाटात जातात. प्रबंध असतो इंग्रजीत, मृदा आरोग्य पत्रिका कन्नडमध्ये, आणि ज्याच्या बांधावरून माती नेली तो शेतकरी मराठीत विचारतो, की यंदा युरिया किती टाकू.