कूपर्सटाउनचं दार कोणी आणि कधी बंद केलं?

बेसबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या, अमेरिकेतल्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमसाठी १९३६ साली पहिलं मतदान झालं, तेव्हा ‘शूलेस’ जो जॅक्सनला दोन मतं पडली. दोनच, पण पडली. पैसे घेऊन १९१९ ची वर्ल्ड सीरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका, हरल्याचा ठपका असलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ जणांतला हा एक. १९२१ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं, पण दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. ही बंदी खेळापुरती होती. हॉल ऑफ फेमच्या नियमांत तिचा उल्लेख नव्हता. लँडिस १९४४ मध्ये वारले आणि काही आठवड्यांतच त्यांची स्वतःची हॉलमध्ये निवड झाली.

लेखी अडसर आला तो पीट रोझच्या वेळी. ४,२५६ हिट्सचा त्याचा विक्रम आजही अबाधित आहे. बेसबॉलवर सट्टा लावल्याच्या प्रकरणात २४ ऑगस्ट १९८९ रोजी त्याच्यावर कायमची बंदी आली. सिनसिनाटी रेड्सचा मॅनेजर असताना आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावल्याची कबुली द्यायला त्याला २००४ साल उजाडलं. १९९२ च्या मतपत्रिकेवर त्याचं नाव यायचं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९९१ मध्ये, हॉलच्या संचालक मंडळाने ठरवलं की बंदीच्या यादीतल्यांना मतपत्रिकेवर जागा नाही. नियम सर्वांसाठी, माप मात्र एकाच माणसाचं घेतलेलं. तरीही मतदान करणाऱ्या पत्रकारांपैकी ४१ जणांनी त्याचं नाव हाताने लिहिलं. ती मतं धरली गेली नाहीत. गंमत म्हणजे त्याच १९९१ मध्ये गेलॉर्ड पेरी हॉलमध्ये गेला. नियमात बसत नसताना चेंडूला थुंकी लावून टाकत असल्याचं या पिचरने आत्मचरित्रातच सांगून टाकलं होतं!

बॅरी बाँड्सवर तर कधी बंदीच नव्हती. ७६२ होमरनचा विक्रम नावावर असलेला हा खेळाडू अडला तो स्टेरॉइडच्या संशयावर आणि ‘सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य’ पाहून मत द्या, असं सांगणाऱ्या १९४० च्या दशकातल्या कलमावर. उत्तेजकांच्या चाचणीत सापडल्यास शिक्षा होऊ लागली ती २००४ पासून. २०२२ मध्ये, पत्रकारांच्या मतदानातल्या शेवटच्या संधीत, बाँड्सला ६६ टक्के मतं मिळाली, तसाच संशय असलेला पिचर रॉजर क्लेमन्सला ६५.२, लागतात ७५. ज्यांच्या कारकिर्दीत स्टेरॉइडचा हा सुळसुळाट झाला, ते कमिशनर बड सीलिग मात्र २०१७ मध्येच सन्मानाने आत गेले होते. मला हे पटत नाही. खेळाडूंना चारित्र्याची फूटपट्टी लावायची, तर ती कमिशनरांनाही लावायला हवी होती.

रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये वारला. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी जाहीर केलं की कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे रोझ आणि १९५१ मध्ये गेलेला जॅक्सन, दोघेही एकाच फटक्यात यादीतून सुटले. जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी १६ जणांची समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. निवडीसाठी १२ मतं लागतील.