मृदू द्रव्याच्या उन्हाळी शाळेचा अर्ज नेमका कुठे अडतो

पॉलिमर, कलिले (द्रवात विखुरलेले अतिसूक्ष्म कण), द्रवस्फटिक, जेल, फेस यांच्या भौतिकीवर, म्हणजे मृदू संघनित द्रव्यावर, तरुण संशोधकांसाठी भरणाऱ्या उन्हाळी शाळांना रत्नागिरी-सिंधुदुर्गातून जाणारे अर्ज विषय कच्चा म्हणून क्वचितच नाकारले जातात. ते अडतात कागदांवर आणि तारखांवर. फ्रान्समधील लेझूश, अमेरिकेतील बोल्डर, इटलीतील आयसीटीपी ही भौतिकीची आंतरराष्ट्रीय संस्था किंवा बंगळुरूचे आयसीटीएस हे संशोधन केंद्र येथील शाळांचे विषय वर्षागणिक बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीचे पत्रक पाहून तयारी करू नये.

पहिली फसगत ‘उन्हाळी’ या शब्दातच आहे. युरोप-अमेरिकेचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसाळा आणि महाविद्यालये सुरू झालेली. मे महिन्याच्या सुट्टीत सारे उरकेल असे समजून बसलेल्या, नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्या शिक्षकांना निवड झाल्यावर रजा मिळत नाही. कर्तव्यरजेबाबत प्राचार्यांचे लेखी उत्तर अर्जापूर्वीच घ्यावे. आणि अर्जाची मुदत बहुधा हिवाळ्यातच संपते, हेही ध्यानात ठेवावे.

पात्रतेत सहसा वय नव्हे, संशोधनाचा टप्पा पाहतात: पीएचडीचे विद्यार्थी आणि पीएचडीनंतरचे संशोधक. पीएचडीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे नोंदणी नव्हे. येथेच तो कागद आडवा येतो जो कोणाकडेच नसतो: विद्यापीठाचे इंग्रजीतील नोंदणीपत्र. संशोधन केंद्र गावातल्या महाविद्यालयात, मार्गदर्शक तिथेच, आणि सही मात्र दूरच्या कार्यालयातली, जिथे ‘पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर माझ्या एका विद्यार्थिनीला तीनदा ऐकावे लागले आणि चौथ्या खेपेपर्यंत मुदत सरली. तिच्या जागी आज मी असतो तर केंद्रप्रमुखांकडून नोंदणीची तारीख, प्रबंधाचा विषय व मार्गदर्शकाचे नाव असलेले बोनाफाइड घेतले असते, त्याला शुल्काची पावती जोडली असती आणि हे चालेल का, असे आयोजकांना मुदतीपूर्वीच ईमेलने विचारले असते.

शिफारसपत्राची गोष्ट याहून नाजूक आहे. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ ही आपल्याकडची रीत बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण पत्रासाठीचा दुवा थेट प्राध्यापकांच्या ईमेलवर जातो आणि पत्र त्यांनीच चढवायचे असते. तो ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो. सरांना तीन आठवडे आधी सांगावे, आणि दुवा आला का हे संकोच न करता विचारावे.

मुदतीची मध्यरात्र कोणाची, हे वाचावे. मध्य युरोपातील हिवाळी वेळेची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. हे वाढीव तास अर्जदाराला वरदान वाटतात, पण शिफारसपत्राची मुदतही अनेकदा तीच असते आणि त्या वेळी सर झोपलेले असतात.

उद्देशपत्रात, म्हणजे शाळेला का यायचे ते सांगणाऱ्या पत्रात, बायोडेटा पुन्हा उतरवू नये, एक प्रश्न मांडावा. खाडीच्या गाळावर काम करणारे कित्येक जण आपला विषय यात बसत नाही म्हणून अर्जच करत नाहीत, याचे मला वाईट वाटते. नदीच्या गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. खाऱ्या पाण्यातील आयन ते प्रतिकर्षण झाकून टाकतात, कणांचे पुंजके बनतात आणि गाळ खाली बसतो. हे थेट कलिलांचे भौतिकशास्त्र आहे.

फॉर्म भरणे, फोटो, गुणपत्रिका हे तासाभराचे काम. परदेशी जायचे असल्यास पासपोर्ट मात्र आधीच हाती हवा. शेंगेन, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक, व्हिसासाठी तो परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि विमा किमान 30,000 युरोचा लागतो, तर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 15 दिवस आधीपर्यंतच करता येतो. गुणपत्रिकेवर आडनावासह पूर्ण नाव एकाच ओळीत, तर पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत असते, म्हणून अर्जात नाव पासपोर्टप्रमाणेच लिहावे आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे महाविद्यालयाचे पत्र सोबत ठेवावे.