परात्मता आणि ॲनॉमी: मार्क्स आणि दुर्खीम एकच रडगाणं गात नाहीयेत

सोशिऑलॉजीचा पेपर दिलेल्या कुणालाही विचारून बघा, कार्ल मार्क्सची परात्मता आणि एमिल दुर्खीमची ॲनॉमी यात फरक काय. उत्तर साधारण असं येतं की अहो दोन्ही एकच, आधुनिक जगात माणूस एकटा पडतो, कशात मन लागत नाही, वगैरे. मीसुद्धा परीक्षेत तसंच लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले, त्यामुळे चूक कळायला आणखी काही वर्षं गेली.

आधी मार्क्स आणि त्याची परात्मता, म्हणजे आपल्याच कष्टाची गोष्ट आपल्याला परकी होणं. १८४४ चा उन्हाळा, पॅरिस, वय २६, आणि हा बाबा वह्यांमध्ये टिपणं काढत बसलाय जी त्याच्या हयातीत छापलीच गेली नाहीत, पूर्ण रूपात थेट १९३२ मध्ये बाहेर आली. त्यातला मुद्दा ऐकायला सोपा आहे: कामगार जी वस्तू बनवतो ती त्याची राहत नाही, आणि एवढ्यावरच थांबत नाही तर तीच वस्तू भांडवल बनून त्याच्या डोक्यावर बसते, म्हणजे जितकं जास्त राबावं तितका समोरचा जास्त तगडा होतो. मग काम हेसुद्धा परकं होतं, माणूस कामावर असताना स्वतःचा नसतो, सुटल्यावर स्वतःचा होतो. पुढे तो म्हणतो की यातून माणूसपणापासून आणि शेवटी इतर माणसांपासूनही तुटलेपण येतं, पण खरा जोर पहिल्या दोनवर आहे असं मला तरी वाटतं.

त्याच वर्षी जूनमध्ये तिकडे प्रशिया या जर्मन राज्यातल्या सायलेशियात विणकरांनी उठाव केला. ही मंडळी फॅक्टरीत नव्हती हं, घरी मागावर कापड विणायची, ते व्यापाऱ्याकडे नेऊन द्यायची, आणि भाव काय द्यायचा ते व्यापारी ठरवणार. हात आपले, घर आपलं, कापड मात्र त्याचं. शेवटी लोक भडकले, पेटर्सवाल्डाऊच्या व्यापाऱ्याचं घर फोडलं, मग सैन्य आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. मार्क्सने यावर लिहिलं तेव्हा त्याच्या नजरेत नेमकी एक गोष्ट भरली: विणकरांनी नुसती यंत्रं फोडली नाहीत, हिशोबाच्या वह्याही नष्ट केल्या. म्हणजे आपले कष्ट आपल्याच विरुद्ध कुठे जमा होतायत हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आणि एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, परात्मता म्हणजे 'वाईट वाटणं' नाही. मजेत शीळ घालत काम करणारा माणूसही मार्क्सच्या हिशोबाने परात्म असू शकतो. उलट मालकवर्गही त्याच अवस्थेत असतो पण त्याला त्यात छान वाटतं, असं त्याने आणि त्याचा सहलेखक एंगेल्सने १८४५ च्या पुस्तकात म्हटलंय.

आता दुर्खीम. हा नंतरचा, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ, बोर्दोला प्राध्यापक, आणि याची सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते: आकडे. आत्महत्येवरचं त्याचं पुस्तक १८९७ चं. त्यात तो १८७३ चं व्हिएन्ना घेतो. तिथे १ मेला जागतिक प्रदर्शन उघडलं, शहरात सट्ट्याची हवा, आणि ९ मेला शेअर बाजार कोसळला. पुढे आत्महत्या वाढल्या. यात नवल काय, पैसा बुडाला की माणूस खचतो, असं आपण म्हणू. पण दुर्खीम म्हणतो थांबा, मग भरभराटीच्या काळातही आकडे का वाढतात? एकीकरणानंतर इटलीत उद्योग वाढला, मजुरी वाढली, तिथेही वाढ. पॅरिसला प्रदर्शनं भरली, धंदा तेजीत, तरी वाढ. आणि आयर्लंड, इटलीतला कॅलाब्रिया असले गरीब भाग बघावेत तर तिथे प्रमाण कमी. म्हणजे हाल हे कारण नाही, कारण आहे उलथापालथ, मग ती वर नेणारी का असेना.

त्याचं स्पष्टीकरण मराठीत सांगायचं तर आपल्याकडे तयार शब्द आहे: धरबंध. जनावराचं पोट भरलं की ते थांबतं, माणसाच्या हावेला मात्र आतून ब्रेक नाही, तो बाहेरून समाजच लावतो, की बाबा तुझ्यासारख्याला एवढं पुरे. उलथापालथीत हे माप मोडतं, काल कारकून होता तो आज लाखात खेळतोय, मग 'पुरे' कुठे म्हणायचं हे कुणालाच कळेना. हे धरबंध सुटणं म्हणजे ॲनॉमी. व्यापार-उद्योगात तर ही अवस्था कायमचीच होऊन बसलीये असं त्याचं म्हणणं.

आता दोन्ही शेजारी ठेवा. मार्क्सचा माणूस मुळात घडवणारा, त्याला मोकळं सोडलं तर फुलेल, त्रास हा की त्याच्यावर परक्या सत्तेचं कुलूप आहे. दुर्खीमचा माणूस मोकळा सोडला तर स्वतःलाच खाईल, त्रास हा की कुंपण पडलंय. त्यामुळे औषधंही उलटी, एकाला खाजगी मालकीच उखडायचीये, दुसऱ्याला व्यवसायानुसार संघटना उभ्या करून नवे नियम बसवायचेत. बाजाराला आपापलं चालू द्या, हे मात्र दोघांनाही मान्य नाही.

मग घोळ झाला कुठे? बराचसा अमेरिकेत. १९५९ मध्ये मेल्विन सीमन या समाजशास्त्रज्ञाने परात्मतेचे पाच अर्थ मांडले आणि त्यातला एक होता नियमहीनता, म्हणजे ॲनॉमी परात्मतेच्या पोटातच गेली. सर्व्हेची प्रश्नावली बनवायला सोयीचं झालं असेल, पण समाजाची अवस्था सांगणारे दोन शब्द माणसाच्या मूडचे शब्द होऊन बसले.

खात्री करायची तर तो सायलेशियाचा विणकर दुर्खीमसमोर उभा करा. त्याला ॲनॉमी आहे? छे, त्याचा तर श्वाससुद्धा बांधलेला. गरिबी माणसाला आवर घालून वाचवते, असं दुर्खीम खरंच म्हणतो, आणि ते वाचताना माझ्या तरी कपाळावर आठी येते. पण अति नियमन, पुढचे सगळे रस्ते बंद, याचाही एक प्रकार त्याने ओळखला होता, नियतिवादी आत्महत्या, उदाहरण म्हणून गुलामसुद्धा दिलेत. फक्त आजच्या काळात याला फारसं महत्त्व नाही म्हणून त्याने तो प्रकरणाच्या शेवटी एका तळटीपेत उरकला. मार्क्सचा विणकर दुर्खीमच्या पुस्तकात सापडलाच तर त्या तळटीपेत सापडेल.