जैवविविधता परिषदेला जायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता परिषदेला 'मी अमुक, एमएस्सीची विद्यार्थिनी' एवढ्या ओळखीवर अर्ज करता येत नाही. अर्ज संस्था करते, त्यात नाव तुमचं असतं. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी हुशार मुलंमुली आधी पासपोर्टमागे धावतात आणि संस्थेचं पत्र शेवटच्या आठवड्यात शोधायला लागतात. क्रम उलटा ठेवा.

आधी थोडी ओळख. रिओमध्ये १९९२ साली जैवविविधता करार सह्यांसाठी खुला झाला आणि २९ डिसेंबर १९९३ पासून लागू झाला. १९६ सदस्य आहेत, सचिवालय माँट्रियलला आहे. सदस्य देशांची मोठी बैठक दर दोन वर्षांनी भरते. तीच ही परिषद, तिलाच सगळे 'कॉप' म्हणतात. ११ वी कॉप ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबादला झाली होती. १६ वी २०२४ साली कोलंबियातल्या काली शहरात झाली आणि तिचं उरलेलं काम फेब्रुवारी २०२५ मध्ये रोमला पूर्ण झालं. १७ वी आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये, ऑक्टोबर २०२६ मध्ये ठरली आहे.

कोण जाऊ शकतं

कराराच्या २३ व्या कलमात निरीक्षकांची, म्हणजे मत न देता बैठकीला हजर राहणाऱ्यांची, सोय आहे. जैवविविधतेच्या क्षेत्रात काम करणारी कुठलीही संस्था, सरकारी असो वा बिगरसरकारी, निरीक्षक म्हणून यायची इच्छा सचिवालयाला कळवू शकते. हजर देशांपैकी किमान एक तृतीयांश देशांनी हरकत घेतली तरच तिला प्रवेश नाकारला जातो. या कलमात वयाची अट नाही. 'तरुण' कोण याचं उत्तरही जागेप्रमाणे बदलतं: संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४, भारताच्या २०१४ च्या युवा धोरणात १५ ते २९.

तरुणांसाठी सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे ग्लोबल यूथ बायोडायव्हर्सिटी नेटवर्क. या कराराच्या वाटाघाटींत तरुणांची बाजू एकत्रितपणे मांडणारं हे जाळं आहे. त्यात सामील झालात म्हणजे तिकीट हातात आलं असं नाही. आधी निर्णयांचे मसुदे वाचणं, ऑनलाइन बैठकांना बसणं, एखाद्या विषयाच्या गटात काम करणं हे सगळं करावं लागतं. नाव कुणाचं पाठवायचं हे ठरवताना या कामाचं वजन पडतं, आणि पडायलाच हवं.

दुसरी वाट तुमच्या महाविद्यालयाची किंवा तुम्ही ज्या संस्थेत काम करता तिची. तिसरी देशाच्या शिष्टमंडळातून. नेदरलँड्स जैवविविधतेसाठी तरुण प्रतिनिधी निवडतो. आपल्याकडे शिष्टमंडळ केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयातून ठरतं, त्यामुळे जाहिरात येईल, मग फॉर्म भरू, अशा भरवशावर राहू नका.

संस्थेची कागदपत्रं

संस्था पहिल्यांदाच निरीक्षक होत असेल तर तिची घटना किंवा नियमावली, उद्दिष्टं आणि जैवविविधतेतलं काम दाखवणारी माहिती सचिवालयाला द्यावी लागते. महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थांची घटना मराठीत असते, कारण ती धर्मादाय आयुक्तांकडे तशीच दाखल झालेली असते. तिचं नीट इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. कामाची माहिती देताना 'पर्यावरण जनजागृती' असं मोघम लिहू नका. गावाची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या जीवसृष्टीची गावकऱ्यांच्या मदतीनं केलेली नोंद) करायला मदत केली असेल, देवराईतल्या झाडांची मोजणी केली असेल, तर गाव, वर्ष आणि नेमकं काय केलं ते लिहा.

प्रवासासाठी परदेशी देणगी संस्थेच्या खात्यात येणार असेल तर परदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी आहे का, ते आधी तपासा. खजिनदाराला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

नामनिर्देशन पत्र

खरी किल्ली हीच. संस्थेच्या लेटरहेडवर, कराराच्या कार्यकारी सचिवांच्या नावे, संस्थेच्या प्रमुखाच्या सहीनं हे पत्र जातं. त्यात बैठकीचं नाव, जाणाऱ्यांची नावं आणि पदं असतात. प्रत्येक बैठकीची अधिसूचना सचिवालयाच्या संकेतस्थळावर निघते. मुदत आणि नोंदणीचा दुवा तिच्यातच असतो. ऑनलाइन नोंदणी करून पत्र जोडायचं, मंजुरीची वाट पाहायची, मग परिषदेच्या दारात पासपोर्ट दाखवून ओळखपत्र घ्यायचं.

इथे मराठी माणसाची हमखास अडचण येते ती वडिलांच्या नावाची. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. महाविद्यालयाच्या दाखल्यावर आडनाव आधी. आणि पत्र टाइप करणाऱ्यानं मधलं नाव गाळलेलं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचं तर विचारूच नका. पत्र, नोंदणी, तिकीट, व्हिसा, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच नाव, अक्षर न अक्षर.

नोंदणीला शुल्क नाही. विमान, राहणं, विमा, व्हिसा हे मात्र आपलं आपण. नोंदणी मंजूर झाली म्हणून व्हिसा मिळतोच असं नाही. बँकेचं विवरण, खर्च कोण करतंय याचं पत्र, महाविद्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र, परतीचं तिकीट ही फाइल तयारच ठेवा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने असू द्या. सरकारी नोकरीत असाल आणि पाहुणचार परदेशी संस्थेचा असेल, तर गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते.

आत गेल्यावर

निरीक्षकाला मत नसतं. बोलायला मिळतं, पण देशांची भाषणं संपल्यावर, आणि तेही अध्यक्षांनी वेळ दिला तर. मसुद्यात शब्द सुचवता येतो. मात्र एखाद्या सदस्य देशानं त्याला पाठिंबा दिला तरच तो टिकतो. म्हणून खरं काम माइकवर कमी आणि कॉफीच्या रांगेत जास्त चालतं: कुठल्या देशाचा प्रतिनिधी तुमचं वाक्य उचलेल हे हेरायचं आणि छापील कागद त्याच्या हातात द्यायचा. ज्या शब्दांवर एकमत नाही ते मसुद्यात चौकटी कंसात असतात. रात्री उशिरापर्यंत भांडण चालतं ते हे कंस काढण्यावरून.

२०२२ साली माँट्रियलला मंजूर झालेल्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्यात २३ लक्ष्यं आहेत. त्यातलं २२ वं पाठ असू द्या. निर्णयप्रक्रियेत आदिवासी आणि स्थानिक समुदाय, स्त्रिया आणि मुली, मुलं आणि तरुण, तसंच अपंग व्यक्ती यांच्या सहभागाची हमी त्यात लिहिली आहे. तुमचं पुढचं प्रत्येक निवेदन त्यावर टेकू शकतं.

पहिल्याच वेळी कॉप गाठायचा हट्ट नको. याच कराराच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळाच्या बैठका लहान असतात. मे २०२४ मध्ये अशी बैठक नैरोबीला झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये पनामा सिटीला. तिथे चेहरे ओळखीचे होतात, भाषा कळते. बैठकीचे कागद नियमाप्रमाणे सहा आठवडे आधी यायला हवेत, तेव्हा वाचायला वेळ मिळतो.

आणि जाणं जमलंच नाही तर? मसुद्यांवर लेखी मतं मागवणाऱ्या अधिसूचना सचिवालय अधूनमधून काढतं, त्यांना संस्थेमार्फत घरबसल्या उत्तर देता येतं. त्यासाठी व्हिसा लागत नाही, लेटरहेड मात्र लागतं.